आमच्या विहिरीचं गोड पाणी

ह्यांचा एक मित्र वर्ध्याहून येतो, गावोगाव फिरून पेपरात लिहितो. आमच्याकडे जेवताना दर घासाला "वा वहिनी, वा!" म्हणतो. पाणी मात्र स्वतःच्या बाटलीतलंच पितो. मी ठेवलेला गिलास तसाच राहतो.

आमच्या विहिरीच्या खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही. त्याने लिहिलं, अमृतासारखं गोड पाणी. आम्ही बाया नळ मागायला गेलो, तर सरपंचाने तोच पेपर पुढे केला. "गोड पाणी असून नळ काऊन पाह्यजे तुमाले?"

काल तो पुन्हा जेवायला बसला. त्याच्याशी मी कधी बोलले नव्हते. त्याची बाटली उचलून आत ठेवली, विहिरीच्या पाण्याचा गिलास पुढे सरकवला.

"घ्या न भाऊजी. तुमीच तं लिवलं गोड हाय म्हून."

ठेच्याने त्याला ठसका लागला, डोळे भरले, तरी त्याने गिलास उचलला नाही. मीही बाटली दिली नाही.