खिळ्याचा दात

आश्रुबाच्या दातांचं गावाला भारी कौतुक. झरीपलीकडच्या त्या गावात पौषी पुनवेला खंडोबाची जत्रा भरायची, आणि विहिरीवरून पाण्यानं भरलेली तांब्याची घागर देवळात न्यायचा मान त्याच्या घराण्याचा. घागर हातानं न्यायची नाही. तिच्या गळ्याला बांधलेल्या सुती दोराची गाठ दातांत धरायची, हात पाठीशी गुंफायचे आणि चालायचं. पायऱ्यांपाशी घोंगडीवर वर्षभरात जन्मलेली लेकरं ओळीनं निजवलेली असत. त्यांच्यावरून घागर गेली की त्यांची इडापिडा टळते, असा समज. वाटेत घागरीला कुणाचा हात लागला, तर मान भावकीत जायचा. चुलतभाऊ चंद्रभान त्यावरच डोळा ठेवून होता.

एरवी आश्रुबा कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याची बायको धुरपताबाई म्हणायची, "बाकी माणूस गरीब गाय. पुनव जवळ आली की वळू हुतंय."

दोन वर्षांमागे पाण्याचं इंजिन सुरू करताना हँडल उलटं फिरून तोंडावर बसलं आणि आश्रुबाचा पुढचा दात हिरडीजवळ मोडला. परभणीच्या काशीनाथ डॉक्टरांनी मुळातली नस काढली, मुळात धातूचा खिळा बसवला आणि त्यावर नवा दात चढवला. मग नवरा-बायकोला समोर बसवून त्यांनी बजावलं, "खिळा वरचा दात धरून ठेवतो, मुळाला बळ देत नाही. जोर आला तर हा कडक खिळाच मुळाला आतून चिरतो. बाहेरच्या देशांत आता धाग्यांचा खिळा निघालाय म्हणे, दातासारखाच जरा लवणारा. आपल्याकडं यायला अवकाश आहे. तोवर ऊस दातानं सोलायचा नाही. आणि त्या घागरीचं तर नावच काढू नका."

धुरपताबाईला ते लगेच पटलं. कुऱ्हाडीच्या दांड्यात पाचर जास्त ठोकली की दांडाच उलतो, हे तिनं कैकदा पाहिलं होतं. आश्रुबानं मात्र सोयीचं तेवढंच ऐकलं. एसटीत बसल्या बसल्या म्हणाला, "लोखंडच घातलंय म्हणल्यावर काय भ्या हाय? ह्यो दात तर पयल्यापरीस पक्का."

पहिल्या जत्रेला खिळ्यानं खरंच धरलं. मग काय विचारता! स्वारी दात दाखवत गावभर हिंडली.

पुढच्या दिवाळीनंतर त्या दातावरच्या हिरडीला पुटकुळी आली. फुटायची, पुन्हा भरायची. आश्रुबा एकाच दाढेनं चावू लागला, तोंडाला वास येऊ लागला. धुरपताबाई रोज मागं लागायची.

"आवो, परभनीला जाऊन या की."

"एसट्या बंद हायत."

ते खोटं नव्हतं. विद्यापीठाच्या नामांतराचा निकाल लागायचा होता, रोज कुठं ना कुठं बंद, गाड्या अडवलेल्या. पण निकाल लागला, गाड्या सुरू झाल्या, तरी हा गडी हलला नाही. डॉक्टर काय म्हणणार हे त्याला ठाऊक होतं. शिवाय यंदा घोंगडीवर त्याचीच नात निजणार होती, नवसासायासानं झालेली.

"माज्या नातीवरनं चंद्रभानची घागर जाऊ देऊ व्हय?" एवढं एकच त्याचं पालुपद.

धुरपताबाईनं देवाला हात जोडले, दुसरं काय करणार? तिचं या घरात कोण ऐकत होतं!

पुनवेला हलगी कडाडली. धुरपताबाई घोंगडीच्या कडेला, नातीच्या उशाशी उभी राहिली. भंडाऱ्याच्या पिवळ्या धुरळ्यातून आश्रुबा येताना दिसला. जवळ आला तशी दातांतली गाठ दिसली. ती लाल झाली होती, आणि लाल धार हनुवटीवरून घागरीत उतरत होती. लोकांना काही दिसत नव्हतं, ते येळकोट येळकोट ओरडत होते.

आश्रुबा थांबला नाही. पहिलं लेकरू ओलांडलं, दुसरं ओलांडलं. नातीवर आला आणि दोर दातांतून सरकला.

धुरपताबाईनं दोन्ही हात खाली घातले. घागर तिच्या मनगटावर आदळून घोंगडीबाहेर गडगडली. लेकरं नुसती भिजली, एकदम रडायला लागली. हलगी थांबली. "हात लागला!" कुणीतरी ओरडलं. चंद्रभान पुढं आला आणि त्यानं दोर उचलला.

दिवस मावळायच्या सुमाराला आश्रुबा ओट्यावर बसला होता. तळहातावर तो दात, खाली खिळा, खिळ्याला चिकटलेली मुळाची कपची. बाकीचं मूळ जबड्यातच राहिलं होतं.

"खिळा बघ," तो म्हणाला, "वाकला बी न्हाई."

धुरपताबाईचं मनगट फडक्यानं बांधलेलं होतं, मांडीवर नात निजली होती.

"मूळ फुटल्याचं कवा कळलं तुमाला?"

त्यानं दात मुठीत मिटला.

"हिरीवरच. घागर उचलली तवाच कडकन वाजलं. वाटलं, तेवढ्यापुरतं धरंल."

तिनं सुनेला हाक मारली आणि नात तिच्या हातात दिली.

"ह्यांच्यापाशी पोरीला एकटं सोडायचं न्हाई," ती त्याच्यादेखत म्हणाली.