घोंगडीचा अंदाज

आज सकाळी सूनबाईनं ट्रंकेतली माझी जुनी घोंगडी काढली आन् म्हणाली, “मामा, हिला लई मेंढीचा वास यायलाय. टाकून देऊ का?” मी ती हातातून ओढूनच घेतली. तो वास नाकात गेला आन् मी मुदखेडातून थेट हिमालयात पोचलो.

तिथं बर्फावरून घसरायला शिकवणाऱ्या शाळेत मी आचारी होतो. हवामान सांगायला नेगीसाहेब होते. पोरांना वरच्या उतारावर सोडायचं का न्हाई, हे त्यांच्याच शब्दावर ठरायचं. एका संध्याकाळी यंत्रानं सांगितलं, उद्या आभाळ साफ. हवेत ओल आली की घोंगडी लई वास मारती, हे मला ठाऊक; म्हणून मी आडवा आलो. “साब, मेरी घोंगडी बास मारती. बर्फ गिरताच. बच्चों को मत भेजो.”

“तेरी घोंगडी को नौकरी पे रख लूँ क्या?” म्हणून साहेब हसले. पण त्यांनी घोंगडीला नाक लावलं आन् पोरांना थांबवलं.

सकाळी लख्ख ऊन पडलं. पोरं मला हसायली. मान खाली घालून चुलीपाशी गेलो, तवा कळलं की घोंगडी मीच भाताच्या पातेल्यावरच्या दोरीवर टाकली होती. ती वाफेनं ओली झालती.

साहेबांना हे मी कधीच सांगितलं न्हाई. ते मात्र पुढं रोज यंत्र बघून झालं की घोंगडीचा वास घ्यायचे. मला वाटायचं, टिंगल करून राहिले.

आज नातू मोटरसायकलवर माहूरच्या घाटात निघाला. मोबाइलात आभाळ साफ होतं. तरी त्याला दारात थांबवलं आन् घोंगडीला नाक लावलं.