सोनीच्या लग्नात जप्त झालेली मोहाची फुलं

"सोनीच्या लग्नाला मी जाणार," असं मी जाहीर केलं तेव्हा काकांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. "राहणार कुठे?"

"तिच्याच घरी."

"वारल्यांच्या पाड्यावर?" काकांचा चेहरा असा झाला की मला तिथेच राग आला. बरंच झालं. नुसती हौस असती तर मी घरी राहिलेही असते, पण राग आला की मी पिशवी भरते.

ही साठच्या दशकातली गोष्ट. सोनी आणि मी ठाण्याला शिक्षिकांच्या प्रशिक्षणाला एकत्र होतो, एकाच खोलीत राहिलो होतो. पालघर हा तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, ठाणे जिल्ह्यातला एक तालुका होता. गेल्या महिन्यात एका वाचक मुलीनं विचारलं, "मनोरकडच्या जंगलात रानभाज्या, मोह वगैरे बघायला कधी जावं?" तिला उत्तर लिहायला बसले आणि हे सगळं वर आलं. उत्तरही देते, जाता जाता.

दादरला गाडी बदलून मी पालघरला उतरले ती भर दुपारी. चैत्र संपत आला होता. स्टेशनबाहेर मनोरची एस.टी. उभी होती, खिडक्यांना काचा नसलेली. तासाभराचा रस्ता, पण धूळ दिवसभराची. (आता रस्ता चांगला आहे, रिक्षाही मिळतात. पाणी मात्र अजूनही घरूनच न्या.) शेजारच्या बाईच्या टोपलीत सुके बोंबील होते. दातिवऱ्याहून आले म्हणाली. माझं मुरडलेलं नाक बघून हसली. "लग्नाला जातंस ना? मग अंगाला वास लागूनशी जाशील." लागलाच.

मनोरच्या थांब्यावर सोनी उभी होती. मैलामागून मैल चालायचं होतं आणि माझ्या पायात शहरी चपला. वाटेत माझ्याकडचं पाणी संपलं. सोनीनं कमरेचा कोयता काढला, झाडावर चढलेल्या उक्षीच्या जाड वेलाचा एक तुकडा तोडला आणि उभा धरला. खालच्या टोकातून पाणी ठिबकायला लागलं, थंड, किंचित तुरट. मी तोंड लावून प्यायले. सोनी म्हणाली, "मुळाशी तोडायचं नसतं. उद्या दुसऱ्या कुणाला तहान लागेल."

घर कारवीच्या काठ्यांच्या कुडाचं, शेणानं सारवलेलं. दारात सोनीची आई, जिला सगळे आया म्हणत, आणि सोनीचे वडील रूपजीबाबा. अंगणभर काहीतरी पिवळट, मनुकांसारखं वाळत घातलेलं होतं आणि त्याचा गोड, जडसर वास दारापर्यंत येत होता. मोहाची फुलं. रात्री जेवताना तीच फुलं ताटात आली, भाजून, तिळाबरोबर कुटून. मी दोनदा मागून घेतली.

"पावसात भात संपला का आमी हेच शिजवून खातो, बाय," आयानं सांगितलं. "आषाढ-श्रावण त्याच्यावर निघतो."

दुसऱ्या दिवशी पहाटे आया मला झाडाखाली घेऊन गेली. मोहाची फुलं तोडत नाहीत, ती आपण होऊन गळतात, आणि ऊन चढायच्या आत वेचायची असतात. कुठलं झाड कुठल्या घराचं हे पाड्यावर सगळ्यांना ठाऊक. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कुणी उचलत नाही. वेचताना आयाची बोटं चालत होती आणि तोंडही. पुढे फळं येतील, बियांचं तेल निघेल, ते जेवणात आणि दिव्यात. पेंडही वाया जात नाही. घरी परतलो तर शेजारणी पळसाच्या पानांच्या पत्रावळी टाचत बसल्या होत्या, उद्याच्या जेवणासाठी. कुणीतरी कुड्याच्या फुलांची भाजी चुलीवर ठेवली होती. घराची आतली भिंत गेरूनं लाल करून त्यावर तांदळाच्या पिठानं लग्नाचा चौक लिहायचं काम चाललं होतं. मला एक कोपरा दिला. मी काढलेल्या घोड्याला बघून बायका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

त्या हसण्यातच पोलीस जमादार आला.

दारूबंदीचा काळ होता. मोहाची फुलं घरात दिसली म्हणजे दारूचा माल, असा त्याचा हिशेब. बरोबर दोन शिपाई. त्यांनी अंगणातली फुलं पायांनी गोळा केली. हातांनी नाही, पायांनी, बुटांसकट. मग घरात शिरून कणगीतली, म्हणजे वर्षभरासाठी साठवलेली, सगळी फुलं पोत्यात भरली. आया मध्ये आली तर जमादार ओरडला, "ए म्हातारे, बाजूला हो! दारू गाळता आणि वर तोंड करता?"

"दारूचं नाय. खायाचं हाय."

"खायचं! माणसं काय फुलं खातात?"

मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. माझं पातळ, माझं घड्याळ. आवाज एकदम मऊ झाला. "बाई, आपण इथे कशा? आपल्यासारख्यांनी अशा ठिकाणी राहू नये."

त्या 'आपण'नं माझ्या अंगाची लाही झाली. मी म्हणाले, "मी काल रात्री हीच फुलं जेवले आहे. आणि ही मुलगी माझ्यासारखीच शिक्षिका होते आहे. तिच्या आईशी नीट बोला."

त्यानं माझ्याकडे पाठ केली. सोनीला म्हणाला, "ए पोरी, बापाला बोलव." आणि उद्या ज्यांच्या दारात मांडव पडायचा त्या रूपजीबाबांना दंडाला धरून चौकीकडे घेऊन गेला.

पाड्यावर दारू होतच नव्हती, असं मी म्हणणार नाही. होत होती. लग्नात देवापुढे शिंपडायला लागते, माणसंही घेतात. सोनी वाटेत तेच म्हणाली, "देवाला चार थेंब लागतात शालू. त्यासाठी आमचा सगळा पावसाळा उचलून न्यायचा?"

वाटेत म्हणजे चौकीच्या वाटेत. कारण आया उठली, पदर खोचला आणि चालायला लागली. मागे सोनी, मी आणि पत्रावळी टाचणाऱ्या बायका. चौकी हायवेच्या कडेला होती. तिच्यासमोरून लाकडाचे ट्रक जात होते, सागाचे ओंडके दोरांनी आवळलेले. त्यातला एकही कुणी थांबवला नाही. शिपाई हात हलवत होता, जा म्हणून. ज्या रानातून ते ओंडके आले त्याच रानात पडलेली फुलं मात्र गुन्हा.

पोती व्हरांड्यात टाकलेली होती. रूपजीबाबा भिंतीशी उकिडवे बसलेले. जमादार आतून म्हणाला, "पुरावा आणा. खायची आहेत याला पुरावा काय?"

आया पोत्यांकडे गेली. ती खाली बसली, पोत्याचं तोंड सोडलं, मूठभर सुकी फुलं घेतली आणि खायला लागली. तिच्या शेजारी दुसरी बसली. मग तिसरी. मीही बसले. कच्ची सुकी फुलं चिवट लागतात, गोडी घशात बसते. पण सगळ्या जणी चावत राहिल्या, जमादाराकडे बघत.

एक ट्रक थांबला. मग आणखी एक. लोक गोळा झाले. डोक्याला गमछा बांधलेला एक ड्रायव्हर पुढे आला, एक फूल उचलून हुंगलं आणि त्याचा चेहराच बदलला. "अरे, ये तो महुआ है! हमारे गाँव में तो इसे भूनकर, कूटकर लाटा बनाती थी माँ. इसमें जुर्म क्या है साहब?" त्यानं फूल तोंडात टाकलं आणि आयाच्या शेजारी मांडी घालून बसला.

गर्दी वाढली तसा जमादार घामाघूम झाला. शेवटी ऊन उतरताना त्यानं रूपजीबाबांना सोडलं. "यावेळी लग्न म्हणून सोडतो," असं उपकार केल्यासारखं म्हणाला. फुलं सोडली नाहीत. पोती आत ओढून दार लावून घेतलं. आम्ही कितीही बोललो तरी ते दार उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी लग्न झालं आणि थाटात झालं. लग्न लावणारी धवलेरी, म्हणजे गाणी म्हणत विधी करणारी बाई, हिला मोहाची फुलं लागणार होती. ती फुलं शेजारच्या पाड्यावरून आणली. नवरा, लाडक्या, तारापूरला अणुवीज केंद्राच्या बांधकामावर खडी वाहायचा. नव्या सदऱ्यात अवघडून बसला होता. जेवणं चालू असताना चौकीतला एक शिपाई मांडवाच्या कडेला आला. खाकी नव्हती, साधे कपडे. त्यानं रूपजीबाबांना बाजूला घेतलं आणि कुजबुजला. हळदीनं पिवळी झालेली सोनी उठून तिथे गेली.

"काय म्हणतो हा?"

बाबा खाली बघत म्हणाले, "सायबांकडं पावणे आलेत. पयल्या धारेची एक बाटली मागतात."

सोनीनं त्या शिपायाला वरपासून खालपर्यंत बघितलं. आमच्याशी बोलताना ती प्रशिक्षणातली स्वच्छ मराठी बोलायची. त्याच्याशी ती पाड्याची भाषा बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

"फुलं तुमच्याकडंच हायत. तुमीच गाळा."

मांडवभर उठलं तसं हसणं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. धवलेरी मध्येच गाणं थांबवून हसली. शिपाई आल्या वाटेनं निघून गेला.

वऱ्हाडाबरोबर मी बोईसरपर्यंत गेले. तिथे सगळीकडे नवी माती, नवे पत्रे, नाना भाषा. कामगारांच्या चहाच्या टपऱ्यांवर हिंदी आणि घाटावरची मराठी एकत्र शिजत होती. लाडक्याच्या आईनं मला कैऱ्या आणि करवंदं बांधून दिली. बोईसरहून गाडी पकडून ठाण्याला परतले.

"मग, प्यायलीस की नाही?" काकांनी दारातच विचारलं आणि स्वतःच्या विनोदावर हसले. मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "कायदा म्हणजे कायदा." ट्रकांचं काय, यावर त्यांनी पुन्हा वर्तमानपत्र उचललं.

दिवाळीनंतर सोनी भेटली तेव्हा मी तिच्या त्या उत्तराची आठवण काढून हसायला लागले. ती हसली नाही. श्रावणात घरात भात नव्हता आणि फुलंही नव्हती. आयानं रानातून कडूकंद खणून आणले. ते विषारी असतात. चकत्या करून, राख घातलेल्या पाण्यात उकडून, वाहत्या पाण्यात ठेवून मग खायचे. आया ते नेहमी नीटच करायची. पण घरात उपाशी तोंडं होती आणि घाई झाली. रूपजीबाबांचा घसा सुजला, दोन दिवस ते पाणीही गिळू शकले नाहीत. वाचले. आयानं त्यानंतर स्वतः खाणंच कमी केलं. सोनी म्हणाली, "मी त्याला उत्तर दिलं, सगळे हसले. पोती काही परत आली नाहीत."

म्हणून त्या वाचक मुलीला सांगते. जा, जरूर जा. मोह बघायचा तर चैत्रात, पहाटे. करवंदं त्यानंतर. कुणाच्या झाडाखालचं काही विचारल्याशिवाय उचलू नका. कुणी फुलं खाऊ घातली तर खा, आणि 'यातून दारू काढतात ना?' असा प्रश्न करू नका.

फुलं बाळगण्यावरची बंदी आता उठली, असं मी वाचलं तेव्हा सोनीला फोन केला. दोघीही ऐंशीच्या पुढच्या, दोघींनाही कमी ऐकू येतं, त्यामुळे ओरडूनच सांगितलं.

पलीकडून ती म्हणाली, "आयाला सांगायला पाहिजे होतं गं कुणीतरी." आणि तिनं फोन ठेवला.