म्हसोबाच्या वळणावर बंद पडणारी जीप

बाळांनो, मागच्या रविवारी तुम्ही फोनवर हसत सांगितलंत, की नवा स्टिरिओ बसवल्यापासून तुमची गाडी मधेच बंद पडते आणि तुम्ही तिला भुताची गाडी म्हणता. मी हसले नाही. आजी रागावली का, असं तुम्ही विचारलंत. रागावले नव्हते. बीड जिल्ह्यातल्या एका ठाण्यात मी सहायक पोलीस निरीक्षक असताना अशाच एका गाडीपायी एका बाईचा जीव जायची वेळ आली होती. ते तीन दिवस मी अजून विसरलेले नाही. नावं लिहीत नाही. माणसं हयात आहेत.

बाजाराच्या दिवशी एक अंगणवाडी सेविका भाजीची पिशवी घेऊन ठाण्यात आली. ठाणे अंमलदारासमोर बसली, पण बोलेना. मी तिला आत बोलावलं.

"म्याडम, माझं नाव कुठं येऊ देऊ नका. परवा अमावस्या हाय. आमच्या गावात एका म्हातारीला धरणार हायत."

"कशासाठी?"

"जीपवर करनी करती म्हणून."

गावात प्रवासी वाहतुकीची एकच जीप होती. ती म्हसोबाच्या वळणावर, शेळ्या राखणाऱ्या एका विधवा बाईच्या दारासमोर, पुन्हा पुन्हा बंद पडत होती. शेवटच्या वेळी मागून ट्रॅक्टरची धडक बसली आणि आत बसलेल्या, गावातल्याच एका घरच्या सुनेचा हात मोडला. तेव्हापासून गाव पेटलं होतं. अमावस्येला बाईला म्हसोबापुढं उभं करून कबूल करून घ्यायचं ठरलं होतं. तिनं कबूल केलं नाही तर काय, हे कोणी बोलत नव्हतं. आधीच्या एका ठाण्यात असल्या कबुलीचा शेवट मी पंचनाम्यात लिहिला होता, त्यामुळे मला ते विचारावं लागलं नाही.

स्टेशन डायरीला नोंद केली, पुढाऱ्यांना नोटिसा बजावल्या. पण नोटिशीचा धाक हवालदार उभा असेपर्यंतच असतो. तो माघारी फिरला की गाव आणि ती बाई एवढेच उरतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याकडे गेले. भर उन्हात दाराला आतून कडी होती. शेळ्याही तिनं घरातच बांधल्या होत्या. कितीतरी वेळानं दार उघडलं.

"हॉर्न वाजला की दाराला कडी लावते, बाईसायब," ती म्हणाली. "देवा, पुढं जाऊ दे, पुढं जाऊ दे, म्हणत बसते. आन् तरी बंद पडती." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आता मलाच वाटाय लागलंय, माझ्यातच काही हाय का."

नोकरीत मी सुरे पाहिले, जमाव पाहिले. या वाक्याइतकी भीती मला कशाची वाटली नाही. उद्या तिनं कबूल केलं असतं आणि ते खरं मानूनच केलं असतं.

दुपारी जीपवाल्याचा जबाब घेतला. तो चाळिशीचा, घाबरलेला माणूस होता. कारण विचारलं की करनी म्हणायचा. म्हणून मी कारण विचारणं सोडलं आणि त्या वळणावर त्याचे हातपाय काय करतात ते क्रमानं विचारलं.

"ब्रेक मारतो. म्हसोबाला हॉर्न देतो, लांब. समदेच देतात, म्याडम."

"आणि स्टिरिओ?"

"त्यो तर चालूच असतो."

"बंद पडल्यावर?"

"भगताला बोलावतो. त्यो लिंबू उतरवतो, मग एका चावीत चालू हुती."

"भगत यायला किती वेळ लागतो?"

"पंधरा-वीस मिनिटं."

"स्टिरिओ कधी बसवला?"

"पोळ्याला."

"आणि गाडी बंद पडायला कधी लागली?"

"पोळ्यापासनंच," तो बोटांवर मोजून म्हणाला. माझ्या हवालदारानं लिहिता लिहिता मान वर केली.

अमावस्येच्या सकाळी मी तालुक्याहून गाड्यांचा एक वायरमन घेऊन गेले. वळणावर दोनेकशे माणसं होती. काहींच्या हातात काठ्या होत्या. माझ्याबरोबर चारच शिपाई. जीपवाल्यानं ब्रेक मारला, हॉर्न दिला. जीप चालूच राहिली. पुन्हा केलं, तरी चालूच. मागून कोणीतरी म्हणालं, "पोलीस बघून म्हातारीनं करनी मागं घेतली." लोक दाराकडे सरकले. चूक माझीच होती. गाडी रोज तासभर चालून, तापून तिथं यायची. मी ती थंडच उभी केली होती.

चारही शिपाई म्हातारीच्या दारात उभे केले, जीपवाल्याशेजारी बसले आणि तासभर गाडी फिरवून आणली, स्टिरिओ मोठ्यानं लावून. माघारी येताना ठरवलं, म्हातारीच्या दारासमोर थांबायचं नाही. तिथं बंद पडली तर तिचीच करनी ठरेल. गाडी सरपंचाच्या दारात नेली, जमावही मागोमाग आला. ब्रेकवर पाय, हॉर्नवर हात. अर्ध्या मिनिटात गाणं चिरकलं आणि इंजिन बंद झालं.

मग एका म्हाताऱ्यानं विचारलं, "का रं सरपंचा, तुझीबी बायको करनी शिकली का काय?" सरपंच सोडून सगळे हसले. काठ्या खाली आल्या.

वायरमननं डॅशबोर्ड खोलला. स्टिरिओ बसवणाऱ्यानं चावीची मुख्य वायर कापून त्यातच जोड दिला होता, नुसता पीळ मारून आणि वर टेप गुंडाळून. टेप वितळली होती. ब्रेकचे दिवे, हॉर्न आणि स्टिरिओ एकदम चालले की जोड तापून ढिला पडे आणि इंजिनचं डिझेल तोडलं जाई. भगत येईपर्यंत जोड निवायचा आणि पुन्हा चिकटायचा. लिंबू फक्त वेळेवर पोचत होतं. वायरमननं जोड कथलाचा डाग देऊन पक्का केला आणि स्टिरिओला बॅटरीवरून फ्यूज घालून वेगळी वायर ओढली.

यातून मी एवढं शिकले, की घाबरलेला माणूस खोटं बोलत नसतो. त्यानं पाहिलेलं खरंच असतं, जोडलेलं चुकीचं असतं. उपायानंतर बरं वाटलं म्हणजे उपायानंच बरं वाटलं, असं नाही. बिघाड कुठं होतो हे विचारण्याआधी, तो सुरू होण्यापूर्वी काय बदललं, हे विचारा. तुमची गाडीही त्याच वायरपासून तपासा.

त्या बाई आजही त्याच घरात राहतात आणि शेळ्या राखतात. दोन घरांचं त्यांच्याकडे येणंजाणं पुन्हा सुरू झालं. बाकीची घरं अजून त्यांच्या हातचं पाणी घेत नाहीत.