जंतूच्या हातात साखर

चहा आलाच आहे, तर माझ्या शहाणपणाचा एक किस्सा ऐकूनच घ्या. हसा खुशाल, मी आता निर्ढावले आहे.

मला पीएचडी मिळाली. विषय काय? रोगजंतूंच्या अंगावरची, साखर धरून ठेवणारी प्रथिनं! आमच्या चकलांबा गावाला एवढंच कळलं, की अण्णांची लेक डॉक्टर झाली. लगेच शाळेच्या पटांगणात माझा सत्कार. शाल, नारळ आणि समोर माइक. माइक समोर आला की माणसाचं काय होतं, ठाऊक आहे ना?

म्हटलं, सोपं करून सांगू. "जंतूला बारीक बारीक हात असतात. आपल्या पेशींवर साखर असते. ती धरूनच तो चिकटतो, मग आजार होतो. पण त्याच्या हातात आधीच दुसरी साखर दिली तर? हात गुंतले! मग तो आपल्याला चिकटेल कसा?"

काय टाळ्या पडल्या! सगळ्यात जोरात आमच्या अण्णांच्या. मला वाटलं, लेकीचं कौतुक. अहो, कसलं कौतुक! त्यांना मधुमेह. तीन वर्षं आई त्यांना बिनसाखरेचा फिका चहा पाजत होती.

दुसऱ्या दिवशी मी अंबाजोगाईला कामावर परतले. आठवड्यात आईचा फोन.

"अगं, अण्णांना लई गरगरायलंय. दिवसातून धा येळा चहा पितेत, अन् दर येळी दोन चमचे साखर!"

"तू देतीस कावून, कशापायी?"

"म्या न्हाई म्हणलं, तर म्हणतेत, लेकीनं माइकवर सांगितलंय. तू तिच्यापरीस शिकलीस का?"

मी लगेच फोन ठेवला. गाडी करून दोघांना बोलावून घेतलं आणि थेट दवाखान्यात नेलं. रक्तातल्या साखरेचा आकडा बघून डॉक्टरांनी चष्माच काढला.

"काका, साखर खायला कुणी सांगितलं?"

"डॉक्टरनं."

"कोणत्या डॉक्टरनं?"

अण्णांनी अभिमानाने माझ्याकडे बोट केलं. "ही काय! साखरंचीच डॉक्टर हाय ती."

"अहो अण्णा, ती साखर वेगळी! प्रयोगशाळेतली!"

"मंग माइकवर कावून न्हाई सांगितलं, माय?"

चूक माझीच होती.

चार दिवसांत अण्णा सावरले. डॉक्टरांनी चिठ्ठीत गोळ्यांखाली लिहिलं: 'साखर बंद. गूळ बंद. मुलीचं भाषण बंद.' आईने ती साखरेच्या डब्यावर चिकटवली आहे, आणि मी घरी गेले की अण्णा ती मलाच मोठ्याने वाचायला लावतात.