पेशंटचा पेरू

नाशिकला माझी पहिली नोकरी होती. ऑफिससमोरच्या हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर एक बाई फळांची पाटी घेऊन बसायची. प्रत्येक गिऱ्हाइकाला ती आधी विचारायची, "पेशंटला काय झालंय?" मग त्या आजाराला चालेल असं फळ निवडून, पदराने पुसून द्यायची. फळं आजारी माणसासाठीच घेतात, याबद्दल तिला शंकाच नव्हती.

मला डॉक्टरांनी रक्त कमी आहे, रोज फळ खा, असं सांगितलं होतं. मी तिच्यापाशी "वीकनेस" एवढंच पुटपुटले. तेव्हापासून ती रोज विचारायची, "उठतंय का पेशंट?" मी मान हलवायचे. बोलणं वाढवण्यापेक्षा ते सोपं होतं.

एका दुपारी भूक आवरेना, म्हणून तिथेच पेरू चावला.

"अगं ए! पेशंटचं तूच खाती का?" ती ओरडली. शेजारच्या एसटीडी बूथवरची माणसं वळून बघू लागली.

"पेशंट मीच आहे," मी कशीबशी म्हणाले.

ती बसायच्या खोक्यावरून ताडकन उठली. "मग उभी काय राहिली, बाई? बस आधी! असं एकटीला सोडलंच कसं त्यांनी?"

मी बसले. तशी मी बरी आहे, हे सांगायला तोंड उघडलं, तर तिने त्यात पेरूची मऊ फोड घातली.