दारावरचा तक्ता

आमच्या वन्संना तलावावरची मुलं ‘शिट्टी’ म्हणतात. तोंडावर नव्हे, पण त्यांना ते ठाऊक आहे. शिट्टी गळ्यात असतेच, भाजी निवडतानाही असते. माझ्या यजमानांची ही थोरली बहीण. लग्न केलं नाही आणि पोहण्याच्या क्लबात मुलांना स्पर्धेसाठी तयार करण्यात एकोणीस वर्षं काढली. स्वतः मात्र अकरा वर्षांत पाण्यात उतरलेल्या नाहीत. काठावरून ओरडून दुसऱ्यांना पोहवायचं आणि कोरड्या अंगाने घरी यायचं.

दर रविवारी दुपारची भांडी आवरली की त्या जेवणाच्या टेबलाशी बसून येत्या आठवड्याचा तक्ता सांगतात. लिहिते मी, कारण त्यांचं अक्षर म्हणजे मुंग्यांचे पाय. सोमवारी दमाचं पोहणं, मंगळवारी फळी धरून नुसते पाय, बुधवारी वेग, असं शनिवारपर्यंत. हा कागद क्लबाच्या दारावर लागतो आणि आईबाप तो निकालासारखा वाचतात.

सहा वर्षांपूर्वीपर्यंत तक्ता खरा असायचा. सोमवार, साडेतीन हजार मीटर. एका वडिलांनी दारातच आवाज चढवला, “दुसऱ्या क्लबात सहा हजार करून घेतात. इथं काय पोरं आंघोळीला पाठवतो आम्ही?” त्या महिन्यात चार मुलं तिकडे गेली. पुढच्या रविवारी वन्संनी सोमवारपुढे सहा हजार लिहायला सांगितलं. पाण्यात मात्र साडेतीनच. खरे आकडे एका चिठ्ठीवर, प्लास्टिकच्या पिशवीत, त्यांच्या खिशात.

“वन्सं, हे खोटं आहे,” मी म्हटलं.

“तुम्ही अक्षर काढा, वहिनी. पाप माझ्या नावावर.”

“देवाकडे असं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही.”

“मग निम्मं निम्मं करू. जरा मोठं लिहा, लांबून दिसलं पाहिजे.”

मी लिहिलं. माझ्या रोजच्या वहीत त्या तारखेला देवाकडे केलेली क्षमायाचना आहे आणि तिच्याखाली दुधाचा हिशेब आहे. आईबाप वरच्या बाकांवर फोनमध्ये मान घालून बसायचे, फेऱ्या मोजतंय कोण? आणि मुलांचं म्हणाल तर कमी पोहायचं म्हटल्यावर कोण बोंब मारणार?

मुलं ताजी राहिली. खांदे दुखले नाहीत, शाळेत डुलक्या नाहीत. यंदाच्या स्पर्धेत अकरा पदकं आली. सगळ्यांनी मान डोलावली, सहा हजारांचा प्रताप म्हणून.

त्याच सुमाराला वन्संना पत्र आलं. समुद्रकाठच्या एका गावात प्रौढ बायकांना पोहायला शिकवायचं. स्पर्धा नाही, तक्ता नाही. त्यांनी पत्र तीनदा वाचून दाखवलं. “यातलं कलम चार ऐका वहिनी, ‘शिक्षिकेने पाण्यात उतरून शिकवावे.’ उतरून!” बाजारातून पोहण्याचा निळा पोशाख आणला आणि दाराआड माझ्यासमोर घालून बघितला. हे बाहेरून म्हणाले, “ताई, या वयात?” त्या आतून म्हणाल्या, “माशाला वय विचारतोस का कधी?” पहिल्या तारखेला रुजू व्हायचं होतं.

क्लबाच्या सेक्रेटरींनी निरोप समारंभात त्यांच्या हातात पुस्तक ठेवलं. सहा वर्षांचे दारावरचे तक्ते, छापून, शिवून. “तुम्ही चाललात तरी तुमची पद्धत राहील. नव्या बाई यावरूनच चालतील. लहान गटालाही आता हेच.” वन्संचा चेहरा मी पाहिला. समोर कोणी दार लावून घ्यावं तसा झाला होता.

नव्या बाई शब्दाच्या पक्क्या. छापलेलं ते छापलेलं. त्या रुजू झाल्याच्या चौथ्या दिवशी वन्सं आपलं सामान आणायला तलावावर गेल्या तेव्हा मीही सोबत होते. कपडे बदलायच्या खोलीत लहान गटातली एक दहा वर्षांची मुलगी बाकावर बसली होती, कंगवा मांडीत. हात खांद्याच्या वर जात नव्हता.

वन्संनी तिची वेणी घातली. मग तडक सेक्रेटरींच्या खोलीत गेल्या.

“दारावरचा तक्ता खोटा होता,” त्या म्हणाल्या. “सहा वर्षं. पोरं साडेतीनच पोहत होती. हे पुस्तक जाळा.” आणि खिशातून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला.

सेक्रेटरी हसले. “बाई, समुद्रावर नवा क्लब काढताय ना? खरी पद्धत सोबत न्यायची आणि आम्हाला ही साडेतीन हजारांची पुडी बांधून द्यायची. चांगलं आहे.”

“मुलांना विचारा.”

पदकवाल्या दोघांना बोलावलं. दोघांचेही आईबाप बाहेर उभे. थोरल्याने वन्संकडे पाहिलं, मग जमिनीकडे. “सहा हजारच करायचो,” तो म्हणाला. धाकटीने मानेनेच हो म्हटलं. मला राग आला, पण वन्संना आला नाही. त्यांनी धाकटीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “जा, ओलं डोकं पुस.”

मी मध्ये पडले. “मी लिहीत होते ते तक्ते. देवाशपथ खोटे आहेत.”

“वहिनी नणंदेचीच बाजू घेणार,” सेक्रेटरी म्हणाले.

नव्या बाईंना बाहेर गाठलं. त्या वाईट नाहीत. म्हणाल्या, “मला तुमचं पटतंय. पण मी आकडे खाली आणले आणि पोरं हरली, तर मान कोणाची जाणार? तुम्ही तर समुद्रावर.”

घरी आल्यावर मी देवासमोर बसले तशा त्याही येऊन बसल्या, जे त्या कधी करत नाहीत. “काय मागू?” त्यांनी विचारलं. मी निरांजन त्यांच्यापुढे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी समुद्रकाठच्या गावाला दोन ओळी पाठवल्या. क्लबाला कळवलं की जात नाही, मोठा आणि लहान दोन्ही गट मीच घेते, सकाळी आणि संध्याकाळी. सेक्रेटरींना आनंद झाला. अट एकच घातली, तक्ता पुस्तकातलाच लागला पाहिजे. नव्या बाईंना दुसरीकडे पाठवलं.

निळा पोशाख त्यांनी घडी घालून माझ्या कपाटात ठेवला, स्वतःच्या नव्हे.

काल रविवार होता. भांडी आवरून मी कागद घेतला. वन्सं शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत बसल्या होत्या.

“सोमवार,” त्या म्हणाल्या.

“किती?”

“सहा हजार. आणि वहिनी, लहान गटाची चिठ्ठी वेगळी करा. बाराशे. त्या वेणीवालीला नुसते पाय.”

मी दोन्ही लिहिलं. मोठ्या अक्षरात दारावरचं, बारीक अक्षरात खिशातलं. हे आतून म्हणाले, “ताई, सुट्टी कधी घेणार मग?”

“लिहा, वहिनी,” वन्सं म्हणाल्या. “मंगळवार.”